बारा घरं होईपर्यंत

मास्तरांना दोनच व्यसनं होती. बरोबर उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या आणि चुकीच्या उत्तराभोवती लाल गोल काढायचा. तिसरं म्हणाल तर चहा. पण तोही बायको देईल तेव्हा आणि देईल तेवढा. अशा माणसाला गल्लीनं तीन आठवड्यांत दारुडा ठरवलं. ते कसं झालं हे सांगायचं तर एका कागदापासून निघावं लागतं. दारूनं माणसं बिघडवली असतील, नाही कोण म्हणतं. पण कागदानं त्याहून जास्त बिघडवली आहेत, आणि कागदाची दुकानं बंद करा म्हणून अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

कागद शाळेत आला. वर जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'मद्यपानजन्य हानी निवारण धोरण : घरोघर सर्वेक्षण'. मतदार मोजायचे असोत, डास मोजायचे असोत की भटकी कुत्री, सरकारला मोजणीची हुक्की आली की त्याला आधी शिक्षक आठवतो. मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत कागद वाचून दाखवला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. भूगोल वहीत शिरला, इतिहासाला खोकला आला, चित्रकला खिडकीबाहेर बघू लागली. गणिताच्या मास्तरांनी मात्र मान वर केली आणि म्हणाले, "बाई, कलम सातमधली बेरीज चुकलीय."

काम त्यांच्या गळ्यात पडलं.

एरवी मास्तर आठवडाभर कुरकुरले असते. पण चौथ्या पानावर एक ओळ होती, ती त्यांनी तीनदा वाचली. ज्या वस्तीत शंभरातल्या किमान दहा घरांनी घरात दारूचा त्रास असल्याचं सांगितलं, तिथल्या दवाखान्यात आठवड्यातून तीन दिवस समुपदेशक बसणार. न सांगितल्यास नाही. मास्तरांच्या वस्तीत घरं एकशे अठरा. म्हणजे अकरा पूर्णांक आठ. घरं काही अपूर्णांकात पीत नाहीत, म्हणून बारा. मास्तरांनी समासात बारा लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघांचं कारण त्यांच्याच घरात, वरच्या खोलीत, शिलाई मशीनपाशी बसलेलं होतं.

ते म्हणजे दादा. मास्तरांचे थोरले भाऊ, धंद्यानं शिंपी. आईवडील एका पाठोपाठ एक गेले तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते आणि दादा अठराचे. दादांनी स्वतःचं लग्न बाजूला ठेवलं, शाळा बाजूला ठेवली, पायाखाली मशीनची पट्टी घेतली आणि धाकट्याला अक्षरशः शिवून मोठा केला. टाक्याला टाका लागावा तसं वर्षाला वर्ष लागलं. वस्तीतल्या एका पिढीच्या खांद्यांची मापं दादांना पाठ होती. कोण कोणत्या खांद्यानं खाली झुकतो, कुणाचा डावा हात उजव्याहून बोटभर लांब आहे, हे माणसाच्या बायकोला ठाऊक नसे, दादांना असे.

आता मात्र सकाळी सुईच्या नाकात दोरा जात नव्हता. एक घोट घेतला की हात थांबे. मग हात थांबलेला राहावा म्हणून दुसरा, आणि संध्याकाळपर्यंत दादाच थांबलेले असत. गेल्या महिन्यात मशीनची सुई त्यांच्या बोटाच्या नखातून आरपार गेली. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, "याला गोळीनं भागायचं नाही. आठवड्याला कुणाशी तरी बोलायला हवं." तो कुणीतरी दोन बस बदलून गेल्यावर भेटत होता.

"दोन बस बदलून माझी लाज दाखवायला जाऊ?" दादा म्हणाले होते. "इथं खाली दवाखान्यात असता, तर गेलो असतो बाबा."

दादा हे विषय टाळायला बोलले होते. मास्तरांनी ते मनात लिहून घेतलं.

तर मोजणी सुरू झाली. पहिला फॉर्म नियमाप्रमाणे मोजणाऱ्याच्या स्वतःच्या घराचा. मास्तर पाटीला लावलेला फॉर्म घेऊन वर गेले. दादा एका शर्टाला कॉलर लावत होते.

"दादा, घरात कुणी..."

"या घरात कुणी घेत नाही. लिही."

मास्तरांनी लिहिलं, शून्य. वर्गात फळ्यावरचं चुकीचं उत्तर क्षणभर सहन न होणारा माणूस, पण ज्या हातानं घास भरवला त्याच्यासमोर पेन उलटं कसं चालणार?

बाकीच्या घरांनाही फारसं वेगळं काही म्हणायचं नव्हतं. फॉर्मचे दोन भाग होते. 'अ' भागात विचारलं होतं, तुमच्या घरी कोण पितं, किती पितं. 'ब' भागात, दारूचा त्रास कमी व्हावा म्हणून सरकारनं काय करावं. चार दिवसांत मास्तरांच्या लक्षात आलं की ही वस्ती 'अ' भागात संतांची आहे आणि 'ब' भागात तज्ज्ञांची.

शेजारचे कॅशियर काका बँकेतून निवृत्त झाले होते आणि कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय खाली ठेवत नसत. त्यांनी 'अ' भागात दोनदा "नाही" सांगितलं. मग 'ब' भागावर खुर्ची पुढे ओढली. "दुकान दहाला उघडतं म्हणतात, पण शटर पावणेदहालाच गुडघाभर वर होतं. ते आधी थांबवा. आणि शनिवारी मागचं दार चालू असतं, त्याचं काय?"

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"ऐकून आहे," काका म्हणाले.

वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, भाव वाढवा. त्यांना अशिलांकडून बाटली भेट येते, हे मास्तरांना नंतर कळलं. औषधाच्या दुकानदाराचं मत पडलं, जाहिराती बंद करा. त्याला आता जाहिरात बघायची गरज उरली नव्हती. जो तो दुसऱ्याच्या पेल्यावर झाकण ठेवायला तयार. न पिणाऱ्या त्या वस्तीला दुकानाच्या वेळा मिनिटासकट पाठ होत्या, भाव जिभेवर होते, आणि कुठल्या बाटलीचं बूच हल्ली सैल येतं यावर दोन घरांत मतभेदही होते.

एकशे अठरा घरं झाली. बेरीज शून्य.

मास्तर गठ्ठा घेऊन प्रभाग कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी आकडे संगणकात घातले आणि पडदा लाल झाला.

"शून्य चालत नाही," साहेब म्हणाले. "संगणक घेत नाही."

"मग एक घालू?"

"एक घेईल, पण खोटं होईल. पुन्हा जा. लोकांना प्रश्नच कळला नसणार. प्रमाणित मात्रा समजावून सांगितलीत का? एक मात्रा म्हणजे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल."

"सांगितली. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, आमच्याकडे ग्रॅमवर पीठ घेतात."

"तेच तर! परिपत्रकात प्रात्यक्षिक साहित्याचं कलम आहे. बाटल्या दाखवा, मापं दाखवा. माणूस डोळ्यांनी बघतो तेव्हा जिभेनं बोलतो. आणि पंधरा दिवसांत आणा. कालव्यापलीकडच्या वस्तीचे चौदा टक्के भरलेत, समुपदेशक तिकडे निघालाच आहे म्हणा."

"साहित्य कुठं मिळेल?"

"साहित्य सर्वेक्षकानं स्वतः जमवायचं," साहेब म्हणाले, आणि लाल पडद्यावर रुमाल टाकला.

इथून मास्तरांच्या घसरणीला सुरुवात झाली. ज्यानं आयुष्यात बाटली विकत घेतली नाही त्याला रिकामी बाटली कुठून मिळणार? मास्तर भंगारवाल्याकडे गेले. शाळा सुटण्याच्या वेळी गेले, कारण त्यांना तेवढाच वेळ होता. आणि ढिगात गुडघ्यापर्यंत उभे राहून एक एक बाटली उजेडासमोर धरून बघू लागले, कारण लेबल फाटलेलं नको होतं. सहावीची अख्खी तुकडी समोरून घरी चालली होती. मुलांनी नमस्कार केला. मास्तरांनीही केला. हातात बाटली होती तशीच वर गेली.

मोजपात्र त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलं. बाटल्यांत काय भरायचं? पाण्याला रंग नाही, सरबताला मुंग्या. मास्तरीणबाईंनी किटलीभर कोरा चहा करून दिला. मास्तरांनी बुचं लावली, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, आणि सकाळी सकाळी कापडी पिशवी खांद्याला अडकवून निघाले. पाऊल पडेल तशी पिशवी वाजू लागली. किण किण. वस्तीत खिडक्या उघडू लागल्या.

बेकरीवाल्या मावशींना शब्द जुळवायची हौस होती. पावाची लादी उचलता उचलता त्यांनी जुळवून टाकलं :

मास्तर निघाले सकाळच्या पारी,
पिशवीत घंटा वाजते भारी.
शाळेची घंटा वाजते दोनदा,
मास्तरांची वाजते ज्याच्या त्याच्या दारी.

घरात गेल्यावर मास्तर बूच काढत, मोजपात्रात ओतत, खुणेवर बोट ठेवत. "ही एक मात्रा. बघा नीट." घरचा माणूस नीट बघे, मग मास्तरांकडे बघे, मग म्हणे, "खरीच आहे का हो?"

"छे, छे! कोरा चहा आहे."

"असं सगळेच म्हणतात."

मास्तरांच्या सत्यनिष्ठेला ठेच लागे. ते तो पेला तिथल्या तिथं रिकामा करून दाखवत. आता यात एक हिशेब त्यांच्या ध्यानात आला नाही. अकरा घरं, दर घरी तीन प्रात्यक्षिकं, म्हणजे तेहेतीस मात्रा कडक कोरा चहा, तोही उपाशीपोटी. दुपारपर्यंत मास्तरांचे डोळे तारवटले, बोलणं भरभर झालं, हात थरथरू लागले आणि ते दर दुसऱ्या घरी "जरा आत जाऊन येऊ का?" असं विचारू लागले. त्यात एका जिन्यात त्यांना कोरड पडली. पाणी नव्हतं, बाटली होती. त्यांनी भिंतीकडे तोंड करून बूच काढलं आणि चार घोट घेतले. वर बघतात तो कठड्यावरून बेकरीवाल्या मावशी.

"घ्या, घ्या," मावशी हळूच म्हणाल्या. "मी नाही बघितलं."

संध्याकाळपर्यंत हे न बघितलेलं सगळ्या वस्तीनं ऐकलं.

मग सल्ले आले. सल्ला ही एकच वस्तू अशी, जी न मागता घरपोच मिळते आणि परत घेत नाहीत. एकानं लिंबू चोखा सांगितलं, दुसऱ्यानं गार पाण्यानं आंघोळ. औषधाचा दुकानदार कानात म्हणाला, "एकदम सोडू नका, बाधतं." वकिलांनी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?" मास्तरीणबाईंकडे बायका येऊन नुसत्या बसू लागल्या. जाताना हात दाबत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या बहिणीचा फोन आला आणि तो सुरुवातीपासूनच रडत आला.

"अहो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "पंचवीस वर्षं तुमच्या पांढऱ्या शर्टावर मी डाग पडू दिला नाही. आणि तुम्ही चहानं पाडलात."

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. टेबलावर एक मेमो होता आणि पलीकडे उघड्या दारातून मैदानावर धावण्याच्या शर्यतीसाठी आखलेली चुन्याची पांढरी रेषा दिसत होती.

"मास्तर, गैरसमज नको. पालकांच्या तीन तक्रारी आल्यात आणि प्रयोगशाळेतलं मोजपात्र गायब आहे. त्या रेषेवरून जरा चालून दाखवता?"

मास्तर दुखावले. आणि दुखावला की गणिताचा माणूस व्याख्येत शिरतो. "बाई, रेषेला लांबी असते, जाडी नसते. तिच्यावरून चालणं तत्त्वतः शक्य नाही. तुम्ही म्हणता तो चुन्याचा पट्टा."

बाईंनी मेमोत 'असंबद्ध बोलतात' असं लिहिलं.

मास्तर घरी आले आणि त्यांनी दार लावून 'जाहीर खुलासा' लिहायला घेतला. चार मुद्दे, दोन पोटमुद्दे आणि चहाच्या किटलीचा पुरावा. हा कागद वस्तीच्या फलकावर उद्या सकाळी लावायचा, मोजणीचं काम परत करायचं आणि पुन्हा पांढऱ्या शर्टात जगायचं, असं ठरलं. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या, तोच दार वाजलं.

कॅशियर काका होते. आत आले, बसले, उठून दार नीट लागलंय का बघितलं, पुन्हा बसले, पुन्हा उठून बघितलं.

"पहिल्यांदा जड जातं, मास्तर."

"काय?"

"हे. माणसांत कळणं." काका चष्मा पुसू लागले. "तुम्ही पहिल्यांदा फॉर्म घेऊन आलात ना, तेव्हा स्वच्छ माणूस दारात उभा होता. स्वच्छ माणसाला काय सांगायचं? आता तुमच्याशी बोलायला हरकत नाही. आपण एका वाटेचे. तो माझा 'नाही' खोडा."

"मग किती लिहू?"

काकांनी चष्मा नाकावर चढवला. "आयुष्यभर दुसऱ्यांचं दोनदा मोजलं. हे एकदाही मोजलं नाही. तुमच्याकडे ते पात्र आहे ना? काढा."

पाऊण तास ते दोघं कोऱ्या चहात काकांची संध्याकाळ मोजत बसले. शेवटी काकांनी आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि म्हणाले, "काकूला सांगू नका. तिला ठाऊक आहे, पण सांगू नका."

ते गेल्यावर मास्तरांनी खुलासा हातात घेतला. जाहीर खुलासा लावला तर उद्या काका येऊन आपला 'नाही' परत मागणार, हे उघड होतं. न लावला तर बहिणीचा फोन पुन्हा येणार. आतल्या दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भिंती पातळ होत्या आणि कान संसाराचे होते. त्याच वेळी वरच्या खोलीत मशीन थोडं चाललं, अडखळलं, थांबलं. दोघांनी वर बघितलं.

"किती लागतात म्हणालात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बारा घरं."

त्यांनी तो खुलासा नवऱ्याच्या हातातून घेतला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. "मग बारा घरं होईपर्यंत तरी पीत राहा."

आणि मास्तर प्यायले! पिशवी वाजवत गेले, जिन्यात थांबून थांबून घोट घेतले, बेकरीपुढून जाताना मुद्दाम एक झोकांडीही दिली, ती इतकी वाईट जमली की मावशींनी "लागलं का हो?" विचारलं. आणि दारं उघडू लागली. काल ज्यांनी खुर्ची दिली होती ते आज खुर्ची शेजारी ओढू लागले. मावशींनीच गल्ल्यामागे बोलावलं. "माझा नवरा भट्टीपाशी काम करतो. म्हणतो, अंगात ऊब यावी म्हणून घेतो." मग पावाची लादी उगीच सरळ करत म्हणाल्या, "भट्टीपाशी, मास्तर! त्याला अजून किती ऊब हवी?" त्या दिवशी त्यांना जुळवून म्हणायला काही सुचलं नाही. वकिलांनी लेखी कबुली दिली, वर 'माझ्या सर्व हक्कांस बाध न येता' असं लिहून. औषधाच्या दुकानदारानं आकडा सांगितला, मग "हा कमी सांगितला" म्हणाला, मग तिसरा सांगितला आणि डोळे पुसले.

पाच झाली, आठ झाली, अकरा झाली. आणि तिथंच अडली. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. मास्तर कोरा चहा पिऊन पिऊन सुकले होते; झोप उडाली होती. बारावं घर त्यांना ठाऊक होतं. ते त्यांच्याच डोक्यावर होतं. सकाळी ते पेन घेऊन वर गेले, दाराशी उभे राहिले. दादा पाठमोरे बसून सुई उजेडाकडे धरून दोरा ओवत होते. एकदा चुकला, दोनदा चुकला. मास्तर तसेच मागे फिरले. जन्मभर ज्यानं आपलं माप घेतलं, त्याचं माप आपण कसं घ्यायचं?

शाळेत दुपारी मुख्याध्यापिकाबाईंनी पुन्हा बोलावलं. मास्तर आल्या आल्या म्हणाले, "बाई, चालतो. चुन्याचा पट्टा असला तरी चालतो."

"बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः उठून खिडकी लावली. "तुमच्या यादीत सत्त्याण्णव नंबरचं घर आहे."

"आहे. तुमचंच ते. शून्य."

"माझा मुलगा," बाई म्हणाल्या. "पंचविशीचा आहे." आणि टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला. मास्तरांनी फॉर्म काढला. वर्गात चुकलेलं उत्तर ते झटकन खोडत. हे शून्य त्यांनी फार हळू खोडलं.

"बाई, तो मेमो..."

"मेमो मागे घेता येत नाही, मास्तर. फाईलला लागलाय." बाईंनी नाक पुसलं. "पण खाली 'रेषेची व्याख्या बरोबर' असा शेरा मारते."

संगणकानं बारा घेतले. पडदा हिरवा झाला. साहेब म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? साहित्य दाखवलं की लोक बोलतात."

दवाखान्यातली बंद खोली उघडली. आत तीन पायांच्या चार खाटा आणि जुन्या पावत्यांची पोती निघाली. झाडून, पुसून, दोन खुर्च्या आणि एक टेबल टाकून तिथं एक तरुण समुपदेशक बाई येऊन बसल्या. पहिल्या आठवड्यात कॅशियर काका दोनदा गेले. मावशींनी नवऱ्याला दंडाला धरून नेलं. सगळ्या वस्तीला ती खोली लाभली. ज्याच्यासाठी मास्तरांनी अब्रू घालवली ते माणूस तेवढं वरच्या खोलीत काज करत बसलं होतं.

"दादा, खाली दवाखान्यात आता..." मास्तरांनी एकदा काढून बघितलं.

"ऐकलं," दादा म्हणाले. "ज्यांना गरज आहे त्यांची सोय झाली." आणि मशीन सुरू केलं.

मास्तर जिन्यात बसून राहिले. सगळी बेरीज बरोबर आली होती आणि उत्तर चुकलं होतं.

दादा वस्तीत फारसे उतरत नसत, म्हणून सगळ्यात शेवटी बातमी त्यांना कळली. एक जुनं गिऱ्हाईक कोट आणायला आलं आणि जाता जाता म्हणालं, "धाकट्याकडे बघा हो जरा. वाईट वाटतं. एवढा शिकलेला माणूस, जिन्यात उभा राहून पितो."

त्या संध्याकाळी मास्तर शाळेतून आले तर दादा खालच्या खोलीत बसले होते. दाढी केलेली, गालाला दोन ठिकाणी कापलं होतं. अंगात स्वतः शिवलेला काळा कोट. इतके सरळ बसले होते की मास्तरांना एकदम नऊ वर्षांचं झाल्यासारखं वाटलं.

"कधीपासून?" दादांनी विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. चार मुद्दे, दोन पोटमुद्दे आणि चहाची किटली जिभेवर आली. स्वयंपाकघराच्या दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. नाही.

"... महिना झाला," मास्तर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा ते दादांशी खोटं बोलले.

दादांनी डोळे मिटले. "माझं बघून शिकलास."

"नाही दादा..."

"गप्प. मीच दाखवलं, तू गिरवलंस. लहानपणी माझं अक्षरसुद्धा असंच गिरवायचास." ते उठले. मास्तरांचा हात धरला. दादांचा हात थरथरत होता, पण पकड जुनीच होती. रस्ता ओलांडताना धरायचे ती. "चल. एकट्याला लाज वाटत असेल तर मी येतो बरोबर. मी असताना तुझं असं होऊ द्यायचो नाही."

दोघे वस्तीतून चालत निघाले, थोरला पुढे आणि धाकटा अर्धं पाऊल मागे. बेकरीपुढून जाताना मावशींनी वर बघितलं आणि हातातला पाव तसाच धरून ठेवला. कॅशियर काका दवाखान्याच्या पायरीवर होते; ते उठून बाजूला झाले.

समुपदेशक बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "कुणासाठी आलात?"

"हा," दादा म्हणाले. "माझा धाकटा. गणित शिकवतो. हुशार आहे."

"हो," मास्तर म्हणाले. "मी."

"बरं. दिवसाची पहिली कधी घेता?"

मास्तर गांगरले. कोऱ्या चहाच्या तेहेतीस मात्रांचा माणूस, त्याला यातलं काय ठाऊक? त्यांनी छताकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलांचे चेहरे त्यांना पहिल्यांदा आतून कळले.

"लाजतो तो," दादा म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही लिहा. सकाळी उठल्या उठल्या एक. त्याशिवाय हात उभा राहत नाही. तासाभरानं दुसरी. मनात रोज म्हणतो, आज एवढीच. खोटं नसतं ते, म्हणताना खरंच असतं. दुपारी जेवण जात नाही. तिसरी लपवून घेतो. घरात ती दोघं असतात ना, त्यांना वास येऊ नये म्हणून खिडकीशी उभं राहून. त्यांना येतो. तीही बोलत नाहीत." दादांची बोटं कोटाच्या काजावरून फिरली. "आणि ती पहिली घेतली नाही, तर सुईत दोरा जात नाही."

बाईंचं पेन चालता चालता अडलं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या बोटांवर खडूची पूड होती.

"सर शिवणकामही करतात का?" त्यांनी साधंच विचारलं.

 मास्तर जमिनीकडे बघत राहिले. दादांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ते त्या हातांकडे असे बघत होते, जणू कुणी दुसऱ्याचेच शिवायला टाकून गेलं असावं.

"नाही," दादा म्हणाले. "शिवतो मी."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आपली खुर्ची उचलली आणि दादांच्या समोर नेऊन ठेवली.